उशाशी उभा माणूस

"फळी बंद करा," धर्मपाल म्हणाला. "छातीसाठी दुसरं काय कमी हाय? जोर हायेत, डबल बार हाय, डंबेल हायेत. फळी कायले पायजे?"

व्यायामशाळेची सभा चालली होती. सभा म्हणजे तरी काय, सतरंजीवर दाटीवाटीने बसलेली पोरं, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि मांडीवर वही घेऊन बसलेला मी, चिटणीस शेषराव. १९६३ सालचा आषाढ संपत आला होता. धर्मपाल वर्षावर्षात सभेत तोंड उघडत नसे, त्यामुळे तो बोलला तेव्हा सगळ्यांनी माना वळवल्या. मग त्याच माना हळूच खाली गेल्या.

फळी हे आमच्या अकोल्यातल्या बस्तीतलं नाव. लाकडी बाकावर उताणं झोपायचं, उशाकडच्या दोन खुंटांवर ठेवलेला लोखंडी दांडा दोन्ही हातांनी उचलायचा, छातीपर्यंत आणायचा आणि परत वर ढकलायचा. दहा वेळा, बारा वेळा, ज्याची जेवढी ताकद. आमचा दांडा म्हणजे जिनिंग फॅक्टरीच्या भंगारातला एक शाफ्ट होता आणि त्याच्या दोन्ही टोकांना ट्रॉलीची चाकं बसवली होती. दमलेल्या माणसाच्या हातून तो निसटला तर थेट गळ्यावर येईल, म्हणून झोपणाऱ्याच्या उशाशी एक माणूस उभा असायलाच हवा, असा व्यायामशाळेचा नियम होता. गेली तीन वर्षं तो माणूस मी होतो. माझ्या अंगात ताकद होती असं मुळीच नाही. तहसिलीतला कारकून मी, पंचवीस जोर काढले की मला भोवळ येते. पण मी वेळेवर येतो. तेवढा एकच गुण पाहून व्यायामशाळेतल्या सगळ्यांत वडील माणसाने, डोमाजी काकांनी, मला ते काम दिलं होतं, आणि वेळेवर येणारा माणूस त्या जागी का हवा होता, हे बस्तीत सगळ्यांना ठाऊक होतं.

हा नियम केला होता सूर्यभानने, धर्मपालच्या थोरल्या भावाने. व्यायामशाळाही त्यानेच उभी केली. तो जिनिंगमध्ये होता. तिथल्या यंत्राने त्याच्या डाव्या हाताची करंगळी मुळापासून नेली होती, आणि त्याबद्दल कुणी हळहळ दाखवली तर तो म्हणायचा, "नऊ बोटं का कमी हायेत?" अमरावतीला एका व्यायामशाळेच्या खिडकीतून त्याने हा बाक आणि दांडा पाहिला, आणि महिनाभरात तसाच इथे बनवला. केसांत कापसाची रुई, अंगाला सरकीचा वास, अशा अवतारात तो रोज संध्याकाळी कामावरून सरळ यायचा आणि उशाशी उभा राहायचा. झोपलेल्याला वर पाहिलं की त्याचं उलटं तोंड दिसे. दांडा अडला की तो आधी थोडा वेळ वाट पाहायचा, मग दोन्ही हात दांड्याखाली घालून म्हणायचा, "उचल. मी हाय ना." त्याच्या एवढ्या बोलण्यानेच निम्मं वजन उतरायचं.

१९६० च्या एका रविवारी तो स्वतः फळीवर झोपला. उशाशी धर्मपाल येणार होता. दुसऱ्या दिवशी भातकुलीहून धर्मपालला पाहायला मुलीकडचे येणार होते, म्हणून तो आधी दाढी करायला गेला. स्टेशनच्या रस्त्यावर नवीन सलून निघालं होतं. तिथे कुणालाही खुर्चीत बसवत. गावाकडे या दोघांच्या बापाच्या डोक्याला न्हाव्याचा हात कधी लागला नव्हता. आरशासमोरची ती खुर्ची, मानेखालचं ते पांढरं फडकं, याचं अप्रूप आम्हाला किती होतं ते आज सांगून कुणाला पटायचं नाही. त्या दिवशी गर्दी होती. धर्मपालला आपला नंबर सोडवेना. दहा मिनिटं म्हणता म्हणता पाऊण तास गेला. आणि सूर्यभान, ज्याने नियम केला तोच सूर्यभान, 'येतच असन तो' म्हणून एकटाच झोपला.

धर्मपाल आला तेव्हा त्याच्या गालांना साबणाचा वास येत होता. दांडा भावाच्या गळ्यावर होता.

भातकुलीचे पाहुणे मौतीला आले आणि परत गेले. नंतर धर्मपालने लग्नाचं नाव काढू दिलं नाही. गुरांच्या दवाखान्यात तो मलमपट्टी करणारा ड्रेसर होता. बैलांना धरण्याच्या कामाने त्याचे खांदे भरलेले होते. व्यायामशाळेत तो रोज यायचा, विटांवर हात ठेवून खोल जोर काढायचा, डबल बारवर झुलायचा, पण फळीकडे पाठ करून. आणि दाढी त्याने वाढवली ती वाढवलीच.

तर अशा माणसाने फळी बंद करा म्हटल्यावर कोण काय बोलणार? पण माना खाली जायचं कारण तेवढंच नव्हतं. दुसरं कारण होतं, आणि ते आम्ही कुणी उच्चारत नव्हतो.

त्याची सुरुवात सूर्यभानच्या मृत्यूनंतर दोनेक महिन्यांनी झाली. रेल्वेच्या मालधक्क्यावरचा खुशालराव फळीवर झोपला होता आणि मी उशाशी होतो. शेवटच्या वेळी त्याचे हात थरथरले, दांडा मध्येच अडला, मी पुढे वाकणार तेवढ्यात दांडा सरळ वर गेला. खुशालराव उठून बसला आणि माझ्यावरच घसरला. "म्या सांगतलं होतं का हात लावाले? कावून लावला?"

"मी नाही लावला," मी म्हणालो.

"मंग हलका कसा झाला थो?"

तो माझ्या तोंडाकडे पाहत राहिला. मग त्याने टॉवेल उचलला आणि घरी गेला. पुढे एकेकाला तसंच होऊ लागलं. रोज नाही, सगळ्यांना नाही. पण अगदी दम संपला, आता गळ्यावर येतो असं वाटलं, की दांडा हलका व्हायचा. मी उशाशी असायचो आणि माझे हात माझ्यापाशी असायचे, एवढं मला पक्कं ठाऊक होतं. कुणी भ्यायलं नाही, हेच त्यातलं विचित्र. पोरं उलट फळीसाठी रांग लावू लागली. फक्त त्याबद्दल बोलायचं नाही, असं न ठरवता ठरून गेलं.

एकदा डोमाजी काकांनी मला विचारलं, "शेषराव, तू मधात कावून उभा राहात नाई? उजव्या अंगाले कावून सरकते?"

मी खाली पाहिलं. खरंच मी बाकाच्या मध्यापासून हातभर उजवीकडे उभा होतो. त्या क्षणापर्यंत ते माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. "मध्ये जागा कमी वाटते," मी म्हणून गेलो, आणि म्हटल्यावर माझ्याच मानेवर काटा आला. काकांनी विषय तिथेच सोडला.

आता सभेत मात्र काकांनीच तोंड उघडलं. सत्तरीला आलेले डोमाजी काका गवंडीकाम करायचे, सूर्यभानबरोबर नागपूरला दीक्षेला गेलेले. त्यांनी खिशातून काहीतरी काढलं आणि सतरंजीवर ठेवलं. झेंडूचं सुकलेलं फूल होतं.

"हे काल मले फळीच्या उशाशी भेटलं," ते म्हणाले. "कोणं ठेवलं, इचारत नाई. पण आपुन श्राद्ध करणार नाई म्हणून शपथ घेतली का नाई घेतली? आन् इथं पोट्टे फुलं वाहून राहिले. उद्या नारळ फोडसान. सूर्यभान असता तर त्यानं तुमचे कान उपटले असते."

"काका, आमी काई देव नाई मानून राहिलो," खुशालराव म्हणाला. "पण फळीनं जशी छाती भरते तशी जोरानं नाई भरत. डोंगरगावचा पहेलवान असो का आमरावतीचा, आता सारे फळीच मारतात."

"विटा उंच करा. पाय स्टुलावर ठेवा. मंग पाहा कशी भरत नाई," धर्मपाल त्याच्याकडे न पाहता म्हणाला. "डबल बारवर कंबरेले वजन बांधून खाली जा. डंबेल घेऊन जमिनीवर झोपा, हातातून सुटले तर बाजूले पडतीन, गळ्यावर नाई पडत."

दसऱ्याला, म्हणजे धम्मचक्र दिनाला, व्यायामशाळेची प्रात्यक्षिकं व्हायची. तोवर फळी बंद ठेवायची, पोरांनी बाकीचे व्यायाम करून पाहायचे आणि मग कायमचं ठरवायचं, असं मी वहीत लिहिलं. दांडा कोपऱ्यात गेला. बाक भिंतीला लागला. पावसाळाभर त्याला कुणी हात लावला नाही.

भादव्यात एके दिवशी सूर्यभानची बायको दुर्गाबाई तहसिलीत आली. तिला कुठलातरी दाखला हवा होता. तो घेऊन झाल्यावर ती तशीच उभी राहिली, पदराचं टोक बोटाला गुंडाळत.

"शेषरावभाऊ, एक गोठ इचारू? खरं सांगसान?"

"विचार की."

"पोट्टे म्हणतात, थे अजून हात देतेत. फळीवर. खरं हाय का?"

मी खाली पाहून टाक पुसू लागलो.

"मंग मायाकडं कावून येत नाई?" ती म्हणाली. रागाने नाही, अगदी साधं विचारावं तसं. "लोकाच्या पोराईले हात देतेत. मी दोन लेकरं घेऊन एकटी वझं उचलून राहिली. अन् धर्मपालले तरी देतेत का, त्याले इचारा एक डाव. थो माया तोंडाकडं पाहात नाई तीन वर्साचा. मी त्याले कदी काई म्हटलं का?"

तिने नव्हतंच म्हटलं. तेच धर्मपालला सोसत नव्हतं, हे मला माहीत होतं. त्या संध्याकाळी मी तिचं बोलणं त्याला जसंच्या तसं सांगितलं. चूक केली की बरं केलं, कोण जाणे. तो विटांवर जोर काढत होता. ऐकता ऐकता तो खालीच थांबला, छाती जमिनीपासून चार बोटं वर ठेवून, आणि किती तरी वेळ तसाच राहिला.

दसऱ्याआधीच्या रविवारी भर दुपारी तो माझ्या घरी आला. "चाल," एवढंच म्हणाला. मी धुतलेला पांढरा शर्ट घातला होता, पाहुण्यांकडे जायचं होतं. पण त्याच्या तोंडाकडे पाहून मी चपला घातल्या.

व्यायामशाळेत कुणी नव्हतं. टिनाच्या भोकांतून उन्हाचे कवडसे जमिनीवर पडले होते. त्याने बाक ओढून मधोमध आणला. दांडा कोपऱ्यातून उचलला. पावसाळ्याच्या ओलीने तो लालभडक गंजला होता. मी शर्टाच्या काळजीने लांबच राहिलो, आणि त्यालाही माझी मदत नको होती. चाकं त्यानेच चढवली, दांडा खुंटांवर त्यानेच ठेवला. पाहिलं तर खुशालराव घेतो त्याहून जास्त वजन होतं.

"एवढं कशाला?" मी म्हणालो.

"दम सरल्याबिगर समजत नाई म्हणतात ना." तो बाकावर बसला. "शेषराव, तीन वर्स झाले मी खांदा दुखते म्हणून सांगतो. खांदा नाई दुखत. मले भेव लागते. थो साऱ्याईले हात देते, मी झोपलो अन् मले नाई देल्ला तर? मंग मी काय समजू?"

त्याने दोन्ही तळवे मांड्यांवर पुसले.

"तू हात नको लावू. काई झालं तरी. शपथ घे."

"धर्मपाल, दांडा गळ्यावर आला तर मी हात लावणार. मी बघ्या म्हणून नाही उभा राहणार."

"गळ्यावर टेकला तर लाव. त्याच्या आंधी नाई. अन् मधात उभा राय. बाजूले नको सरकू."

मी मध्ये उभा राहिलो. तीन वर्षांत पहिल्यांदा. हात पाठीमागे नेले आणि एकमेकांत घट्ट अडकवले.

तो उताणा झाला. त्याची दाढी उलटी दिसत होती, आणि डोळे माझ्याकडे नव्हते, माझ्या किंचित वर, टिनाकडे कुठेतरी होते. पहिले पाच त्याने सहज काढले. सहावा जड गेला. सातव्याला त्याच्या दंडाच्या शिरा फुगल्या. आठवा छातीवरून निघाला, वीतभर वर आला आणि अडला.

मी तोंडाने मोजत होतो की मनात, आठवत नाही. दांडा ना वर जाई ना खाली. मग तो हळूहळू गळ्याकडे सरकू लागला. धर्मपालच्या घशातून एक आवाज आला, दवाखान्यात पाडलेल्या बैलाच्या घशातून येतो तसा. आणि त्याच वेळी मला सरकीचा वास आला. आजूबाजूला कापूस नव्हता, जिनिंगचा हंगाम सुरू व्हायला अजून महिना होता. तो वास माझ्या मागून नाही, पुढून नाही, माझ्या स्वतःच्या अंगाला येत होता. कवडशात रुईचा एक तंतू तरंगताना मी पाहिला. त्यापुढचं थोडं माझ्या ध्यानात नाही.

खुंटांवर दांडा आदळल्याचा आवाज झाला आणि मी भानावर आलो. माझे हात पाठीमागे होते. अडकवलेलेच होते.

धर्मपाल झोपूनच होता. छाती भात्यासारखी वरखाली होत होती. "तू हात लावला?" त्याने विचारलं.

"नाही."

"खरं सांग."

"नाही लावला. शपथेवर सांगतो."

तो उठून बसला, ओंजळीत तोंड घातलं आणि रडला. तीन वर्षांत त्याला रडताना मी पाहिलं नव्हतं, भावाच्या मौतीतसुद्धा नाही. मी त्याच्यापाशी गेलो नाही. काही वेळा माणसाला एकटं सोडणं हीच सोबत असते, असं मला वाटतं. डोळे पुसत तो म्हणाला, "हलका झाला. थो म्हणे ना, उचल, मी हाय ना, तसाच. तसाच हलका झाला."

मग तो उठला. चाकं काढली, दांडा कोपऱ्यात नेऊन ठेवला, बाक भिंतीला लावला आणि त्यावरची धूळ हाताने साफ केली.

"फळी बंदच करू," तो म्हणाला.

"आता? आता कशाला बंद?"

"तीन वर्स झाले उभा हाय थो. किती दिस उभं ठेवसान त्याले? पोट्टे जोर काढतीन, डबल बारवर जातीन. छाती भरली काय अन् नाई भरली काय." तो दारापाशी थांबला. "वयनीले जाऊन सांगतो. म्हणतो, थो ड्युटीवर होता, म्हणून नाई आला तुयाकडं. आता सुटली त्याची ड्युटी."

बाहेर ऊन कडक होतं. रस्त्याने जाताना तो अचानक स्टेशनकडे वळला. मीही बरोबर वळलो. सलूनपाशी येईपर्यंत मला उमगलं नव्हतं. तीन वर्षांत त्या रस्त्याने तो गेलाच नव्हता, दवाखान्यात जायलाही लांबचा वळसा घ्यायचा.

"वयनीसमोर असं तोंड घेऊन नाई जात," तो दाढीवरून हात फिरवत म्हणाला.

गिऱ्हाईक नव्हतं. न्हाव्याने त्याला खुर्चीत बसवलं, मानेभोवती पांढरं फडकं गुंडाळलं आणि खुर्चीची पाठ मागे टाकली. धर्मपालने डोळे मिटले. दाढी मोठी होती, आधी कात्री चालू झाली. मी त्याच्या उशाशीच उभा होतो, दुसरी जागाच नव्हती. समोरच्या आरशात तो दिसत होता, आणि त्याच्या मागे मी, माझा पांढरा शर्ट.

शर्टाच्या मागच्या बाजूला काहीतरी लागलंय, असं न्हावी म्हणाला. "तांबडं लागलं भाऊ, कंबरेपाशी. कोठी टेकले होते का?"

मी हात पुढे आणले आणि उघडले. दोन्ही तळवे लाल होते. दांड्याचा गंज, बोटांच्या पेरापेरांत भरलेला, वजन घट्ट धरल्यावर जसा भरतो तसा.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हणजे मीच तो दांडा उचलला होता. शपथेवर खोटं बोललो होतो, नकळत का होईना, आणि त्या खोट्यावर हा माणूस तीन वर्षांनी रडला होता, आता वहिनीकडे जायला निघाला होता. हे त्याला सांगायलाच हवं, आत्ताच, दाढी होण्याआधी. "धर्मपाल," मी म्हणालो.

"काय?" तो डोळे न उघडता म्हणाला. त्याचा आवाज झोपेतल्यासारखा होता. अर्धी दाढी उतरली होती, आणि खालून जो गाल निघाला होता तो तीन वर्षांपूर्वीचा, पंचविशीतल्या पोराचा होता.

मी पुन्हा हातांकडे पाहिलं. उजव्या हाताची पाची बोटं लाल होती. डाव्या हाताचा अंगठा आणि पुढची तीन बोटंही तशीच. करंगळी मात्र स्वच्छ होती. मुळापासून टोकापर्यंत, नखासकट, जशी सकाळी आंघोळीनंतर होती तशीच.

"काई नाई," मी म्हणालो. "बस तू निवांत. मी हाय ना."

न्हाव्याने वस्तरा चामड्यावर घासला. मी डावा हात खिशात घातला आणि त्याची दाढी होईपर्यंत तिथेच, त्याच्या उशाशी उभा राहिलो.